परक्या मुलखात पहिलं काम



घरातली जुनी ट्रंक उघडली, तर तळाशी वडिलांचं किंवा काकांचं एक पिवळं पडलेलं कार्ड सापडेल. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं, म्हणजे सेवायोजन कार्यालयाचं. मॅट्रिक झालं की जिल्ह्याला जाऊन नाव नोंदवायचं आणि पोस्टमनची वाट बघायची, हे आपल्या कितीतरी घरांत झालेलं आहे. ही कार्यालयं १९४५ साली निघाली ती महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांना काम मिळावं म्हणून. दोन वर्षांत फाळणी झाली आणि निर्वासितांना काम शोधून देण्याचा भार त्यांच्यावरच आला. १९४८ च्या सुरुवातीला ती सगळ्यांसाठी खुली झाली. आपल्या माणसांनी ज्या खिडकीपुढे रांगा लावल्या, तिथे आपल्या आधी निर्वासित उभे होते. आज आम्ही त्यांची, आणि त्यांच्यातल्या बायकांची गोष्ट सांगणार आहोत.

१९५१ च्या जनगणनेत पाकिस्तानातून आलेले सुमारे ७३ लाख लोक मोजले गेले. एकट्या कुरुक्षेत्राच्या छावणीत १९४७ च्या अखेरीस तीन लाखांच्या आसपास माणसं तंबूत राहत होती. शिधा मिळत होता, कपडे मिळत होते. पण फुकटचं अन्न किती दिवस गोड लागणार? काल ज्याचं दुकान होतं, शेत होतं, तो आज ताटली घेऊन रांगेत. आणि शिधा देणारं सरकार तरी किती दिवस पुरं पडणार? काम हवं होतं.

दिल्लीजवळ फरिदाबादला काय झालं ते ऐका. वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या हजारो लोकांना तिथे वसवायचं ठरलं. १९४९ मध्ये त्यासाठी एक मंडळ नेमलं, त्याचे अध्यक्ष होते राजेंद्रप्रसाद. घरं बांधायची होती. सरकारी रीत अशी, की काम ठेकेदाराला द्यायचं आणि ठेकेदारानं मजूर आणायचे. तेव्हा कमलादेवी चट्टोपाध्याय आणि त्यांच्या सोबतचे कार्यकर्ते म्हणाले, ज्यांना राहायचंय त्यांनाच बांधू द्या. कमलादेवींनी १९४८ मध्ये इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियन ही संस्था काढली होती. निर्वासितांच्या सहकारी संस्था झाल्या आणि बांधकाम त्यांनी घेतलं. त्यांतल्या पुष्कळांनी जन्मात फावडं धरलेलं नव्हतं, व्यापार करणारी माणसं ती. हाताला फोड आले, पण मजुरी आपल्या हातात आली आणि ठेकेदाराचा वाटा वाचला. मुकादम मधे असला की काय होतं, हे ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या मैत्रिणींना आम्ही काय सांगणार!

हेही सांगायला हवं, की तो सहकाराचा प्रयोग पुढे फार वर्षं टिकला नाही. शहर मात्र उभं राहिलं.

आता बायकांकडे वळू. किती जणींचे नवरे, भाऊ दंगलीत गेले होते. सरकारच्या पुनर्वसन खात्यात बायकांसाठी वेगळा विभाग झाला, तो रामेश्वरी नेहरू मानधनाशिवाय सांभाळत होत्या. शिवण, भरतकाम, विणकाम शिकवणारी केंद्रं निघाली. काही जणी नर्स झाल्या, काही शिक्षिका. पण शिवण शिकलेल्या बाईपुढचा प्रश्न तुम्ही ओळखलाच असेल. माल झाला, तो घेणार कोण?

हा प्रश्न सोडवायला ज्या बायका पुढे आल्या, त्यांच्यात एक होती शोभा नेहरू. जवळचे लोक तिला फोरी म्हणत, जन्म हंगेरीतल्या बुडापेस्टचा. १९३५ मध्ये लग्न होऊन ती भारतात राहू लागली. भाषा, कपडे, जेवण, सगळं तिला नव्यानं शिकावं लागलं होतं. अशा बाईनं मैत्रिणींना घेऊन दिल्लीत निर्वासित बायकांच्या हातचा माल विकायला दुकान काढलं. त्यातूनच पुढे सेंट्रल कॉटेज इंडस्ट्रीज एम्पोरियम उभं राहिलं. १९५२ मध्ये त्याचा कारभार कमलादेवींच्या संस्थेकडे आला. निर्वासित बायकांच्या टेबलक्लॉथपासून सुरू झालेल्या त्या दुकानात मग देशभरच्या कारागिरांचा माल विकला जाऊ लागला.

हे सगळं दूर दिल्लीकडचं वाटेल. पण आपल्या ठाणे जिल्ह्यातही असंच घडलं. सिंध १९३६ पर्यंत मुंबई प्रांतातच होता. फाळणीनंतर कराचीहून बोटींनी सिंधी कुटुंबं मुंबईला उतरली. त्यांतल्या पुष्कळांना कल्याणजवळच्या, युद्धात बांधलेल्या लष्करी बराकींत ठेवलं. १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. तिथल्या बायकांनी घरात पापड लाटले, लोणची घातली, आणि पुरुष-पोरांनी ती पिशव्यांत भरून दारोदार, गाडीत, बाजारात विकली. थोड्या नफ्यावर विकतात म्हणून जुने दुकानदार कुरकुरले. पण पापड मात्र आपल्या सगळ्यांच्या ताटात आला.

मैत्रिणींनो, या गोष्टीत उपकार करणारे आणि उपकार घेणारे अशी वाटणी नीट बसत नाही. नवीन आलेल्यांनी घरं बांधली, दुकानं काढली, गावं वसवली. त्यांना मदत लागली ती एवढीच, की कुणीतरी विचारावं: बाई, तुला काय येतं? ते विकत घेणारा कुठे भेटेल? आणि पैसे थेट तुझ्या हातात कसे पडतील? यातला एक प्रश्न सुटला आणि बाकीचे राहिले, तर बाई होती तिथेच राहते. नुसतं शिवण शिकवून भागलं नाही, आणि मधला माणूस तसाच राहिला असता तर नुसतं काम मिळूनही भागलं नसतं.

आपल्याही गावात नवीन बायका येतात. कुणी वीटभट्टीवर, कुणी परप्रांतातून, कुणी लग्न होऊन. पुढच्या बैठकीला अशा एकीला आपल्या गटाच्या सतरंजीवर बोलवा. कर्ज, हप्ता, वर्गणी यांच्याबद्दल नंतर बोलू. आधी तिला हे तीन प्रश्न विचारा आणि ती काय म्हणते ते नीट ऐका.

आम्हीही ऐकायला येऊ.