फिरतीचे किलोमीटर : एका विषयाची प्रस्तावना

मार्चअखेरीला माझ्या टेबलासमोर दोन तऱ्हेची माणसे येऊन बसतात. एकाजवळ पेट्रोल पंपाच्या पावत्यांनी फुगलेली पिशवी असते आणि त्यातल्या निम्म्या पावत्यांवरची शाई गाडीच्या काचेमागच्या उन्हाने उडून गेलेली असते. दुसऱ्याजवळ एक साधी दुरेघी वही असते. तारीख, कुठून कुठे, कोणत्या कामाला, निघतानाचे मीटर, परतल्यावरचे मीटर, असे तिचे पाच रकाने. पैसे दोघांनीही स्वतःच्या खिशातून घातलेले असतात. पण पहिल्याला तो प्रवास कामासाठीच झाला हे दाखवता येत नाही. स्वतःच्या गाडीने केलेल्या कामाच्या प्रवासावर आयकरात काय मिळते, या विषयात मी नव्या वाचकाला त्या वहीपासूनच घेऊन जातो.

जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या जामनेर तालुक्यात हा प्रश्न घरोघरी आहे. पाचोरा-जामनेर नॅरोगेज, आमची पी. जे., २०२० साली थांबली. एस. टी. आहे, पण सकाळी शेंदुर्णी, दुपारी तोंडापूर आणि संध्याकाळी फत्तेपूर असा दिवस एस. टी.च्या वेळापत्रकात बसवून दाखवा. कपाशीच्या हंगामात बियाणे कंपनीचा प्रतिनिधी, पतसंस्थेचा वसुली अधिकारी, विम्याचा विकास अधिकारी, पहूरच्या दवाखान्यात ठरलेल्या दिवशी जाणारा डॉक्टर, बांधकामावर देखरेख करणारा इंजिनिअर हे सगळे स्वतःच्या गाडीवर फिरतात. जळगाव हेडक्वार्टर असलेल्या एम. आर.च्या, म्हणजे औषध कंपनीच्या प्रतिनिधीच्या, कागदावर जामनेर हे ‘एक्स-स्टेशन’, म्हणजे हेडक्वार्टरबाहेरचे पण त्याच दिवशी परतण्याचे गाव असते. त्याला मिळणारे प्रवासभाडे (फेअर) आणि दैनिक भत्ता (डी. ए.) त्या एका शब्दावर ठरतात, म्हणून हा शब्द त्याला तोंडपाठ असतो. त्या रकमेतले करपात्र किती, हे मात्र त्याला क्वचितच कुणी सांगितलेले असते.

पहिला धडा कडू आहे, म्हणून तो आधीच सांगतो. नोकरदाराने स्वतःच्या पैशाने गाडी फिरवली आणि कंपनीने त्याबद्दल काहीच दिले नाही, तर रिटर्नमध्ये तो खर्च वजा करण्याची सोय आपल्या कायद्यात नाही. कंपनीने ‘कन्व्हेयन्स’ म्हणून भत्ता दिला असेल तरच १९६१च्या कायद्याचे कलम १०(१४) आणि नियम २बीबी मदतीला येतात. ड्यूटी बजावताना प्रवासावर प्रत्यक्ष जेवढे खर्च झाले तेवढाच भत्ता करमुक्त. उरलेला पगारात मिळवायचा. वर्षाला ६०,००० भत्ता मिळाला आणि वहीवरून ४२,००० खर्च निघाला, तर १८,००० करपात्र. ही सूट नव्या करप्रणालीतही टिकली आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. ‘नव्या प्रणालीत सगळ्या सवलती गेल्या’ असे ऐकून अनेकजण ती मागतच नाहीत.

इथे ब्रिटनशी तुलना केल्यावाचून राहवत नाही. तिथे स्वतःच्या मोटारीसाठी एप्रिल २०११मध्ये पहिल्या १०,००० मैलांना मैलामागे ४५ पेन्स आणि पुढच्या मैलांना २५ पेन्स असा दर ठरला. कंपनीने त्याहून कमी दिले, तर फरकावर कर्मचारी स्वतः सवलत मागू शकतो. आपल्याकडे असा अधिकृत दर नाही आणि फरक मागण्याची वाटही नाही. भत्ता न देणाऱ्या छोट्या संस्थेत काम करणाऱ्याच्या वाट्याला हा अन्याय येतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपण या वाटेवर कसे आलो? यशवंतराव चव्हाण अर्थमंत्री असताना १९७४ साली नोकरदारांसाठी स्टँडर्ड डिडक्शन आले आणि पुस्तके, प्रवास, वाहन यांच्या सुट्या सुट्या वजावटी त्यात सामावल्या गेल्या. प्रत्येकाचे मीटर तपासत बसण्यापेक्षा सगळ्यांना एक ठोक रक्कम द्यावी, हा त्यामागचा विचार. २००५च्या अर्थसंकल्पाने ते काढले आणि २०१८च्या अर्थसंकल्पाने ४०,००० रुपयांच्या रूपात परत आणले. त्या बदल्यात महिना १,६०० रुपयांच्या ट्रान्सपोर्ट अलाउन्सवरची सूट गेली; दिव्यांग कर्मचाऱ्यांची तेवढी राहिली. आज नव्या प्रणालीत ही ठोक वजावट ७५,००० आहे. टेबलामागे बसून काम करणाऱ्याला आणि महिन्याला दोन हजार किलोमीटर गाडी हाकणाऱ्याला ती सारखीच मिळते.

ट्रान्सपोर्ट अलाउन्स आणि कन्व्हेयन्स अलाउन्स यांत नेहमी गल्लत होते. पहिला घर ते ऑफिस या येण्याजाण्याचा, दुसरा ऑफिसचे काम करताना होणाऱ्या फिरतीचा. नेरीत राहणारा माणूस रोज जामनेरच्या शाखेत येतो, तो प्रवास कामाचा नव्हे. शाखेतून तो वसुलीला वाघारीला गेला की कामाचा प्रवास सुरू झाला. हा भेद जुना आहे. १९२५ साली ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे एका बॅरिस्टरचा खटला आला. तो राहायचा आणि वकिली करायचा लंडनमध्ये आणि पोर्ट्समथला न्यायदानाचे काम करायचा. त्याचे रेल्वेभाडे नामंजूर झाले. कुठे राहायचे ही त्याची स्वतःची निवड, असे ठरले.

पण १९६९चा डॉ. ओवेन यांचा खटला मला त्याहून प्रिय आहे. वेल्समधल्या फिशगार्डला त्यांचा दवाखाना आणि पंधरा मैलांवर हॅवरफोर्डवेस्टचे रुग्णालय. रुग्णालयातून फोन आला की डॉक्टर आपल्या जागेवरूनच सूचना देत आणि मग गाडी काढत. रुग्णालय दहा मैलांपर्यंतचेच पैसे देई. उरलेले पाच मैल पदरचे. लॉर्ड्सनी बहुमताने मानले की फोन उचलला तेव्हाच रुग्णाची जबाबदारी सुरू झाली, म्हणून तो प्रवास ड्यूटीतलाच. मिळालेली रक्कम उत्पन्न नव्हे आणि पाच मैलांचा खर्चही वजा व्हावा. आपल्या कलम १०(१४)मधले ‘पूर्णतः, आवश्यकतेने आणि केवळ’ हे तीन शब्द त्याच इंग्लिश परंपरेतून आले आहेत. रात्री दीड वाजता पहूरहून फोन आला की जामनेरचा डॉक्टर काय करतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला हा निकाल परका वाटणार नाही.

स्वतःचा व्यवसाय असलेल्याची गोष्ट निराळी आणि जास्त उदार आहे. त्याला कलम ३७(१) खाली इंधन आणि कलम ३१ खाली विमा, दुरुस्ती वजा करता येते आणि मोटारीवर १५ टक्के घसारा घेता येतो. गाडी घरच्या कामालाही वापरली, तर कलम ३८(२) प्रमाणे योग्य तो हिस्साच धरायचा. समजा वर्षात गाडी १८,००० किलोमीटर चालली, त्यातले १२,००० कामाचे. खर्च दीड लाख, तर एक लाख वजा. गाडीची शिल्लक किंमत सहा लाख, तर घसारा ९०,०००. त्यातले ६०,००० मिळतील. पण ठरावीक पेशांसाठीचे कलम ४४एडीए घेऊन एकूण जमेचा निम्मा भाग सरळ नफा म्हणून दाखवणाऱ्याला गाडीचा खर्च वेगळा मागता येत नाही. तो उरलेल्या निम्म्यात आलाच. गाडीचा वापर मोठा असणाऱ्याने हा हिशेब दोन्ही बाजूंनी करून पाहावा.

१ एप्रिल २०२६पासून २०२५चा नवा आयकर कायदा लागू आहे. वर दिलेली कलमे १९६१च्या जुन्या कायद्यातली आहेत; नव्यात त्यांचे आकडे बदलले, ‘कर वर्ष’ हा शब्द आला. शिवाय नव्या प्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही, त्यामुळे तालुक्यातल्या पुष्कळ नोकरदारांना कन्व्हेयन्स भत्त्यावरची सूट मागायची वेळच येणार नाही. तरीही कंपनीकडून गाडीखर्चाची पूर्ण भरपाई करमुक्त हवी असेल, तर तारीख, ठिकाण, किलोमीटर, खर्च आणि हा प्रवास कामाचाच होता असा कंपनीचा दाखला लागतो, ही जुन्या नियमांतली शिस्त प्रत्येकाने अंगी बाणवावी.

वाचकाने या विषयात शिरताना कायद्याचे पुस्तक नंतर उघडले तरी चालेल. आधी गाडीत बसून, चावी फिरवून मीटरवरचा आकडा वहीच्या पहिल्या ओळीत उतरवावा. मागच्या वर्षी एका तरुण प्रतिनिधीने तसे केले. त्याच्या वहीतली एक ओळ अशी आहे : जामनेर ते फत्तेपूर, बोंडअळीची पाहणी, तीन शेतकरी, रस्ता खराब म्हणून वळसा. आकडे नेहमीपेक्षा जास्त होते आणि कारण शेजारीच लिहिलेले होते. कंपनीच्या हिशेबनिसाने त्या ओळीबद्दल त्याला एकही प्रश्न विचारला नाही.