अमेरिकी तुरुंगरक्षक आणि घातक पदार्थांची ओळख

अमेरिकेतील तुरुंगरक्षकाच्या शिक्षणात पहारा, झडती आणि किल्ल्यांचा हिशेब यांना जे स्थान पूर्वापार होते, ते घातक पदार्थांच्या ओळखीला बऱ्याच उशिरा मिळाले. कोठडीची भिंतही जीव घेऊ शकते, हे १९८२ साली मिसिसिपी राज्यातील बिलॉक्सी येथे दिसून आले. कैद्याने स्वतःला इजा करून घेऊ नये म्हणून एका कोठडीला आतून लावलेल्या पॉलियुरेथेन फोमच्या अस्तराने पेट घेतला, त्याचा विषारी धूर तुरुंगभर पसरला आणि २९ कैदी दगावले.

भोपाळच्या १९८४ मधील वायुदुर्घटनेचे पडसाद अमेरिकी कायद्यातही उमटले. १९८६ च्या ‘सुपरफंड’ दुरुस्ती कायद्याने रासायनिक साठ्यांची माहिती नागरिकांना देणे बंधनकारक केले, तसेच घातक पदार्थांशी संबंध येणाऱ्यांच्या प्रशिक्षणाचे नियम करण्याचा आदेश दिला. १९९० पासून लागू झालेल्या या नियमांतील पाच पातळ्यांपैकी पहिली ‘जाणीव पातळी’ होय. गळती ज्याच्या नजरेस प्रथम पडेल त्याने धोका ओळखावा, वरिष्ठांना कळवावे आणि त्यापुढे हात घालू नये, एवढीच तिची मर्यादा आहे. ही ओळख लांबूनच करावयाची असल्याने रक्षकाला धोकाचिन्हाचे रंग शिकवले जातात: निळा आरोग्याचा, तांबडा ज्वलनशीलतेचा, पिवळा अस्थिरतेचा, आणि प्रत्येकात शून्य ते चारपर्यंतचा आकडा. मात्र इतर कामगार स्वतः दूर पळू शकतो. कैद्याला दूर नेण्याची किल्ली रक्षकाकडेच असते, त्यामुळे हा साधा धडा तुरुंगात अवघड होतो.

या शिक्षणाची उणीव तुरुंगातल्याच कारखान्यांनी उघड केली. संघीय तुरुंगांतील ‘युनिकोर’ या उद्योगसंस्थेने जुन्या संगणकांच्या सुट्या भागांचे काम हाती घेतले, तेव्हा ओहायोतील एल्कटनसारख्या ठिकाणी कैदी पडद्यांच्या काचा हातोड्याने फोडत असत. न्याय विभागाच्या महानिरीक्षकांनी ऑक्टोबर २०१० च्या अहवालात, या कामामुळे कैदी आणि कर्मचारी दोघेही शिसे व कॅडमियम या विषारी धातूंच्या संपर्कात आले, असे नोंदवले. फुटलेल्या काचेच्या धुळीवर कोणतेही रंगीत चिन्ह नसते. म्हणून रक्षकाचे शिक्षण चिन्हांच्या तक्त्याशी न थांबता, कारखान्यात कोणता माल येतो आणि त्यातून काय बाहेर पडते, इथपर्यंत पोहोचले तरच ते पुरे म्हणता येईल.