पुण्यातील घरगुती वीजवापराचे मोजमाप : 'लाइट' ते 'युनिट'

वीजपुरवठा खंडित झाला की मराठी माणूस 'लाइट गेली' म्हणतो आणि विजेच्या देयकाला 'लाइट बिल' म्हणतो. पुण्यातील जुन्या वाड्यांत हे शब्द जितके रूढ होते, तितकेच ते आजच्या गृहसंकुलांतही आहेत. वीज घरात प्रथम दिव्याच्या रूपाने आली, याची ही भाषिक खूण होय. पंखा, फ्रीज, गीझर ही उपकरणे मागाहून आली. नाव मात्र दिव्याचेच राहिले.

दिव्यानेच लोकांना विजेचे पहिले परिमाणही शिकविले. 'साठचा दिवा', 'शंभरचा दिवा' या प्रयोगांतील आकडा वॅटचा; पण व्यवहारात तो उजेडाचे माप म्हणूनच वापरला गेला. वस्तुतः वॅट हा वीज खर्च होण्याचा वेग आहे. जेम्स वॅट याच्या स्मरणार्थ हे नाव विल्यम सीमेन्स याने १८८२ साली सुचविले. देयकावरील 'युनिट' म्हणजे एक किलोवॅट-तास. ब्रिटनमध्ये त्यास 'बोर्ड ऑफ ट्रेड युनिट' म्हणत. तात्पर्य, उपकरणावर वेग लिहिलेला असतो, देयकावर एकूण खर्च. या दोहोंना जोडणारा काळ मात्र कोठेच लिहिलेला नसतो.

या त्रुटीचा परिणाम लहान नाही. ६० वॅटच्या जुन्या दिव्याला एक युनिट खर्च करण्यास १६ तास ४० मिनिटे लागतात. २,००० वॅटच्या गीझरला अर्धा तास पुरतो. तथापि डोळ्यांना दिसतो तो विनाकारण जळणारा दिवा, आणि घरातील वडीलधाऱ्यांचा रोषही त्यावरच होतो.

पुण्यात या अज्ञानाला पैशाचे मोल आले ते २००६ साली. राज्यात विजेचा तुटवडा होता व भारनियमन चालू होते. भारतीय उद्योग महासंघाच्या पुढाकाराने उद्योगांनी स्वतःच्या जनित्रांची वीज वापरावी आणि त्यामुळे वाचलेली वीज शहरास मिळावी, अशी योजना राज्य वीज नियामक आयोगाच्या मान्यतेने जून २००६ मध्ये अमलात आली. तिचा जादा खर्च ग्राहकांकडून विशेष आकाराच्या रूपाने घेण्यात आला. महिना ३०० युनिटांपर्यंत वापर असलेल्या घरगुती ग्राहकांना त्यातून वगळण्यात आले. ३०० युनिटे म्हणजे दिवसाला दहा. ७५ वॅटचे तीन पंखे प्रत्येकी दहा तास चालले, तरी सव्वादोन युनिटे होतात. मर्यादेच्या आत राहू पाहणाऱ्या कुटुंबास कोणते उपकरण किती खाते, हे जाणणे भाग होते. देयक मात्र एकच बेरीज सांगत होते.

त्याच वर्षी ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची तारांकित लेबले देशात सुरू झाली. फ्रीजच्या लेबलावर वॅट नव्हे, तर वर्षाची युनिटे छापली जातात. त्याचा कॉम्प्रेसर थांबून थांबून चालत असल्याने वॅटला चोवीस तासांनी गुणणे फसवे ठरते. लेबलाने वगळलेला काळ हिशेबात आणला. छताच्या पंख्यांना हे लेबल १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचे झाले. दरम्यान ९ वॅटचा एलईडी दिवा जुन्या साठाच्या दिव्याएवढा उजेड देऊ लागला आणि वॅट म्हणजे उजेड हे समीकरण मोडले.

लेबलावरील आकडा प्रमाणित चाचणीचा असतो. घरातील वापर ऋतू, सवय व माणसांची संख्या यांवर अवलंबून असतो. म्हणूनच पुण्यातील 'प्रयास' संस्थेच्या ऊर्जा गटाने महाराष्ट्र व उत्तर प्रदेशातील काही घरांत मापके बसवून एकूण वापराची व निवडक उपकरणांची जी सलग नोंद घेतली, ती महत्त्वाची ठरते. देयकातील एका बेरजेची फोड तेथे प्रत्यक्ष मापनाने झाली.

वीजदराचे टप्पे युनिटांवर ठरतात, सवलती युनिटांवर मिळतात. परंतु सामान्य ग्राहकाची बोली अजून दिव्याभोवतीच घोटाळते. शब्द बदलण्याचा आग्रह धरण्याचे कारण नाही; 'लाइट बिल' खुशाल राहावे. त्यातील बहुतेक रक्कम दिव्याची नसते, एवढे ज्ञान मात्र त्या शब्दाबरोबर रूढ झाले पाहिजे.