मालमोटारीचा दांडा



नांदेडहून देगलूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आमच्या नायगाव तालुक्यात, नरसीचा चौक आहे. तेथे घटकाभर उभे राहून नुसता कान द्या. थांबलेला ट्रक निघतो तेव्हा एंजिनाचा आवाज चढतो, तुटतो, पुन्हा चढतो. आवाज तुटला की समजावे, ड्रायव्हरने क्लच दाबून दांडा ओढला, गिअर बदलला. आज या दांड्याचीच हकीकत सांगावयाची आहे. कारण काही नव्या गाड्यांतून तो नाहीसा होऊ लागला आहे.

मुळात गिअर लागतो कशाला? चढ आला की बैल हळू चालतो, पण जोर सोडीत नाही. डिझेल एंजिनाला हे जमत नाही. ते ठराविक वेगाने फिरले तरच जोर देते. वेग फार उतरला की बंद पडते. म्हणून एंजिन आणि चाके यांच्यामध्ये लहानमोठ्या दातेरी चक्रांची पेटी बसवितात. पहिल्या गिअरमध्ये वेग थोडा, ओढ मोठी. शेवटच्या गिअरमध्ये याच्या उलट.

अशी सरकत्या चक्रांची पेटी फ्रान्समध्ये लेव्हासोर याने 1890 च्या दशकात रूढ केली. पण फिरते दात एकमेकांत बसवावयाचे तर दोन्हींचा वेग जुळावा लागे. न जुळला तर करकर आवाज व्हायचा, दातही तुटायचे. चालकांनी यावर तोड काढली ती 'डबल क्लच'ची: एकदा क्लच दाबून दांडा मधे आणावयाचा, क्लच सोडून वेग जुळवावयाचा, पुन्हा दाबून गिअर टाकावयाचा. 1928 साली अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीत वेग आपोआप जुळविणारा 'सिंक्रोमेश' आला. अवजड गाड्यांपर्यंत तो पोचावयास मात्र बरीच वर्षे गेली.

आपला मुलूख तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. निझाम रेल्वेच्या मोटार-वाहतूक खात्याने 1932 साली 27 बसगाड्यांनिशी सुरुवात केली. पुढे 1954 साली टाटांनी जर्मनीच्या डाइम्लर-बेन्झशी करार केला आणि जमशेदपूरला बनलेले डिझेल ट्रक देशभर धावू लागले. कानाने वेग ओळखून गिअर टाकण्याची ही विद्या शाळेत मिळत नसे. क्लीनर म्हणून उस्तादाशेजारी बसून ती उचलावी लागे.

इकडे 1939 साली अमेरिकेत जनरल मोटर्सने 'हायड्रामॅटिक' ही स्वयंचलित पेटी आणली. तेलात दोन पंखे समोरासमोर. एक फिरला की तेलाच्या झोताने दुसरा फिरतो. पायाने क्लच दाबणे संपले. मग सगळ्या ट्रकांनी ती का घेतली नाही? तेलाच्या घुसळणीत थोडी शक्ती वाया जाते, म्हणजे डिझेल जाते. शिवाय किंमत भारी. म्हणून ती मुख्यतः घडीघडी थांबणाऱ्या शहरी बसगाड्यांत आणि खाणीतल्या डंपरांत रमली.

पुढे मधला मार्गही निघाला; त्याचे 2001 सालचे एक उदाहरण पाहा. व्होल्वोच्या 'आय-शिफ्ट'मध्ये पेटी दातेरी चक्रांचीच, गिअर 12. फक्त क्लचवरचा पाय आणि दांड्यावरचा हात यांची जागा संगणकाने व हवेच्या दाबाने घेतली.

यात चालकाच्या गुडघ्याला आणि खांद्याला विसावा आहे, ही गोष्ट लहान नव्हे. दमलेला माणूस रात्री चुकतो. पण जुने उस्ताद दोन शंका काढतात. आडरस्त्याला बिघाड झाला तर गावचा मिस्त्री संगणकाला काय करील? आणि विद्या बुडाली तर?

पहिली शंका खरी आहे. दुसरी अर्धी खरी. 20 नोव्हेंबर 2022 रोजी पुण्याच्या नवले पुलाजवळच्या उतारावर एक मालमोटार अनेक गाड्यांवर आदळली. डिझेल वाचविण्यासाठी उतारावर एंजिन बंद केले होते, असे पोलीस तपासात पुढे आले. गाडी गिअरमध्ये असली म्हणजे एंजिनच तिला मागे ओढून धरते. गिअर काढला की सारा भार ब्रेकवर पडतो, ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. तेथे दांडा होता की नव्हता, हा प्रश्नच नाही. चुकला तो माणसाचा विचार.

ज्या गिअरमध्ये घाट चढावयाचा, त्याच गिअरमध्ये तो उतरावयाचा, हा जुना नियम. स्वयंचलित गाडीतही उतार लागण्यापूर्वी खालचा गिअर धरून ठेवण्याची सोय असते. ती वापरावयाची कधी, हे चालकालाच ठाऊक असावे लागते. डबल क्लच विसरला तरी चालेल, मित्रहो. हा नियम मात्र उस्तादाने क्लीनरला सांगितलाच पाहिजे, आणि गुरुजींनी वर्गात गतीचा धडा शिकविताना मुलांनाही.