नकाशाचोर

'फिरत्या व्यापाऱ्याकडून जुन्या नकाशांची चोरी' असा मथळा मराठीत छापला, तर बिचाऱ्या व्यापाऱ्यालाच लुबाडलं की त्यानंच कुठं हात मारला, याचा पत्ता बातमी संपेपर्यंत लागायचा नाही. आपल्या 'कडून'ची ही करामत! आणि नकाशांच्या बाबतीत तर दोन्ही अर्थ खरे निघालेले आहेत.

आमच्या जऊळक्यात कुणी नकाशा चोरला म्हटलं तर माणसं हसतील. वाशीम जिल्ह्यातलं, अकोला-पूर्णा लोहमार्गावरचं हे गाव. नावाला 'रेल्वे' असं भारदस्त शेपूट आहे, एवढाच काय तो डौल. इकडं नकाशा म्हणजे तलाठ्याच्या दप्तरातला. त्याच्या वाटेला कोणी जात नाही, कारण चोरायला धुरा मोकळाच पडलेला असतो. दर हंगामाला शेजारी एक-एक तास आत सरकतो, आणि पाच-सात वर्षांत आपली बोर त्याच्या वावरात उभी दिसते. मग मोजणी, मग कचेरी, मग वकील. ज्याला जमीनच अशी हळूहळू कोरता येते, तो कागद कशाला चोरील?

पण समुद्राला धुरा नसतो. तिथं ज्याच्या हाती कागद, त्याचा समुद्र.

हे पोर्तुगीजांना पक्कं ठाऊक होतं. 1498 साली वास्को द गामा कालिकतला उतरला तो मालिंदीहून घेतलेल्या वाटाड्याच्या जिवावर. म्हणजे विद्या मुळात उसनवारीची. पण हाती आल्यावर तिला असं कुलूप घातलं, की वारे कधी फिरतात, खडक कुठं आहेत, हे बाकीच्या युरोपाला कळता कळेना. सासूनं मसाल्याच्या डब्याची किल्ली कनवटीला लावावी, तसाच प्रकार. मसाला तर होताच म्हणा त्यात!

1583 साली गोव्याला नवे आर्चबिशप आले, व्हिसेंते द फोन्सेका. त्यांच्यासोबत एक विशीतला डच कारकून होता, यान हौखेन व्हान लिन्सखोतेन. नाव उच्चारताना आपली जीभ बोळात अडकते, पण माणूस मोठा मोकळा असावा. पाचएक वर्षं तो गोव्यात राहिला. आंबा कसा, फणस कसा, बाजारात काय मिळतं, लोक काय लेवतात-खातात, सगळं टिपून घेत राहिला. साहेबाच्या पदरचा कारकून लिहीत बसलाय, यात संशय कसला घ्यायचा? कारकून लिहीत नसेल तर संशय घ्यावा! त्या लिहिण्यात पोर्तुगीज खलाशांच्या सागरी वाटांच्या टिपणांच्या नकलाही होत्या. मूळ कागद बहुधा जागच्या जागीच राहिले असतील. म्हणून तर बोंब झाली नाही.

फोन्सेका 1587 मध्ये मायदेशी जाताना वाटेतच वारले आणि कारकुनाची चाकरी गेली. तो निघाला, वाटेत अझोर्स बेटांवर दोन वर्षं अडकला, आणि 1592 साली घरी पोचला. 1595 मध्ये त्यानं वाटांची टिपणं छापली, 1596 मध्ये 'इटिनेरारिओ' हा मोठा ग्रंथ. त्यात गोवा शहराचा नकाशा आहे. गल्ल्या, चर्चं, घरं, सगळी मांडून ठेवलेली. मलाक्क्याला पोर्तुगीज बसलेत, तेव्हा सुमात्राच्या दक्षिणेकडून सुंदाच्या सामुद्रधुनीनं जा, असा सल्लाही त्यानं दिला होता. 1595 सालीच हौटमनची चार डच जहाजं निघाली आणि त्याच वाटेनं बांटमला पोचली. 1602 मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी उभी राहिली. 1637 मध्ये तिनं आपल्या वेंगुर्ल्यात, म्हणजे थेट गोव्याच्या उशाशी, वखार घातली. मलाक्का 1641 मध्ये गेलं, कोचीन 1663 मध्ये. आमच्याकडचा धुरा सरकायला पिढी जाते. इथं आख्खा समुद्र सरकला.

आता त्या नकाशांवर कोणी जहाज हाकत नाही. आता ते चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावतात, आणि म्हणूनच चोराला पुन्हा हवेसे झालेत. फॉर्ब्स स्मायली हा अमेरिकेतला जुन्या नकाशांचा नामांकित व्यापारी. ग्रंथालयांत त्याला मान होता. आला की खुर्ची पुढं व्हायची. 8 जून 2005 रोजी येल विद्यापीठाच्या बाइनकी ग्रंथालयात जमिनीवर एक बारीकसं पातं पडलेलं दिसलं, आणि हा गृहस्थ सापडला. जुन्या ग्रंथांतली पानं तो अलगद कापून काढायचा आणि गिऱ्हाइकाला विकायचा. 97 नकाशांची कबुली त्यानं दिली. सप्टेंबर 2006 मध्ये साडेतीन वर्षांची शिक्षा झाली.

लिन्सखोतेननं नक्कल नेली, मूळ ठेवलं. यानं मूळच नेलं. ग्रंथ फडताळात होता, बांधणी शाबूत, यादीत नावासमोर बरोबर खूण. मधलं पान तेवढं नाही. हे पाहायला दर वर्षी प्रत्येक पुस्तक कोण उघडून बसतो? स्मायली पुढं तपासनिसांना नावानिशी सांगू लागला, हा अमक्या ग्रंथातला, तो तमक्या ठिकाणचा. तेव्हा काही ग्रंथपालांनी घाईघाईनं पुस्तकं उघडली, आणि तिथं कापलेल्या कागदाची बारीकशी किनार तेवढी शिल्लक होती.