घाटकोपरची टेकडी आणि ‘फ्रानेकर’ विमान

के. एल्. एम्. या डच कंपनीचें ‘फ्रानेकर’ नांवाचें चार एंजिनांचें विमान १२ जुलै १९४९ रोजीं दिल्लीहून मुंबईस येत होतें. बटाव्याहून हॉलंडकडे त्याचा प्रवास चालला होता. सांताक्रूझच्या विमानतळावर उतरण्यापूर्वींच तें घाटकोपरच्या टेकडीवर आदळलें. त्यांतील ४५ माणसांपैकीं एकही वांचलें नाहीं.

मृतांत १३ अमेरिकन वृत्तपत्रकार होते. डच सरकारच्या निमंत्रणावरून इंडोनेशिया पाहून ते स्वदेशीं परतत होते. सोव्हिएट रशियावरील लेखांबद्दल १९३१ चें पुलित्झर पारितोषिक मिळविणारे एच्. आर्. निकरबॉकर त्यांत होते. एका न्यायाधीशाचा भ्रष्टाचार उजेडांत आणून १९४० चें तेंच पारितोषिक मिळविणारे बर्टन हीथ होते. इंडोनेशियाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न तेव्हां जगापुढें होता. १९४७ आणि १९४८ सालीं डचांनीं तेथें दोन वेळां सैन्य चालविलें होतें. त्या तंट्याचा निकाल हेगच्या परिषदेंत लागावयाचा होता, आणि २७ डिसेंबर १९४९ रोजीं डचांनीं तेथील सत्ता सोडली. डोळ्यांनीं पाहिलेलें या मंडळींनीं परतल्यावर जें सविस्तर लिहिलें असतें, तें मात्र लिहावयाचेंच राहून गेलें.

आतां ती टेकडी पाहा. समुद्रसपाटीपासून तिची उंची पावणेसातशे फुटांच्या आसपास. सिंहगड चढणाऱ्या मुलांस ती खेळ वाटेल. पण महिना आषाढाचा होता. त्या दिवशीं मुंबईवर पाऊस कोसळत होता, वारा सुटला होता आणि ढग फार खालीं आले होते. विमानांतील उंचीमापक हवेच्या दाबावरून उंची सांगतो. समोर मैदान आहे कीं कडा, हें त्याला कळत नाहीं. डोळ्यांनीं धांवपट्टी हुडकावयाची तर वैमानिकास ढगांच्या खालीं यावें लागतें. ढग टेकडीच्या माथ्याहून खालीं असतील, तर ढगांखालीं येणें म्हणजे टेकडीच्या उंचीखालीं येणें होय. अशा हवेंत टेकड्यांच्या आसपास विमान धोक्याइतकें खालून नेलें गेलें, हेंच या अपघाताचें कारण. उतरण्याचा नाद सोडून अन्यत्र वळावें, हें आपण घरीं बसून सहज म्हणतों. मुक्काम कांहीं मैलांवर आला असतां तसें करणें किती कठीण, याचा विचारही व्हावयास हवा.

मुंबईच्या पावसानें विमानविद्येस आरंभापासूनच बजावलें होतें. श्री. जे. आर्. डी. टाटा यांनीं १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराचीहून टपाल घेऊन जुहूस विमान उतरविलें. पण पावसाळा आला कीं जुहूचा चिखल होई, आणि टाटांच्या विमानांस पुण्याचा आश्रय घ्यावा लागे.

घाटकोपरनंतर १३ वर्षांनीं, ७ जुलै १९६२ च्या रात्रीं, बँकॉकहून मुंबईस येणारें इटालियन कंपनीचें जेट विमान वेळेआधींच खालीं उतरूं लागलें आणि जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलें. त्यांत ९४ माणसें गेलीं. विमान जमिनीशीं अनिष्ट जवळीक करूं लागतांच वैमानिकास ओरडून सांगणारें यंत्र प्रवासी विमानांत सररास बसूं लागलें, तें १९७० नंतरच्या दशकांत.