दोन काचा, एक दरी

काही छायाचित्रं बघून झाल्यावरही पाठ सोडत नाहीत. रॉजर फेंटनचं १८५५ सालचं 'मृत्यूच्या छायेची दरी' हे माझ्यासाठी त्यातलं एक.

तसं पाहिलं तर त्यात काहीच नाही. उघड्याबोडक्या टेकड्यांमधून जाणारा कच्चा रस्ता, वर रिकामं पांढुरकं आकाश आणि रस्त्यावर विखुरलेले तोफगोळे. माणूस नाही, प्रेत नाही. तरी पोटात कालवतं.

फेंटन हा वकिलीचं शिक्षण घेतलेला इंग्रज. क्रिमियन युद्ध टिपायला तो १८५५ च्या मार्चमध्ये तिथे पोचला. एका दारूविक्रेत्याची जुनी घोडागाडी हीच त्याची डार्करूम. काचेवर रसायन लावायचं आणि ते सुकायच्या आत चित्र घेऊन धुवायचं. एक्स्पोजरला काही सेकंद लागत, त्यामुळे पळती लढाई टिपणं अशक्यच. मग उरली ती जमीन! २३ एप्रिलला तो या दरीत गेला. दरीचं नाव बायबलमधल्या स्तोत्रातलं, सैनिकांनीच ठेवलेलं. (लाइट ब्रिगेडचा तो प्रसिद्ध हल्ला इथला नव्हे बरं का, ती दरी वेगळी.)

गोम पुढेच आहे. त्याच जागेवरून घेतलेली दुसरी काचही आहे. तिच्यात गोळे कडेच्या चरात आहेत, रस्ता मात्र साफ! सुसान सोंटाग यांनी २००३ साली लिहिलं की गोळे फेंटननेच रस्त्यावर मांडून घेतले. एरल मॉरिस यांना हे इतक्या सहज पटेना. २००७ मध्ये ते थेट क्रिमियाला जाऊन आले. शेवटी उत्तर दिलं ते उतारावरच्या बारक्या दगडांनी. गोळेवाल्या चित्रात ते थोडे खाली सरकलेले दिसतात. पायाने हललेला दगड खालीच घरंगळणार, वर थोडाच चढणार? म्हणजे साफ रस्ता आधीचा, गोळे नंतर आले.

खरं सांगतो, हे वाचून आधी फसवल्यासारखं वाटलं. आपल्या पोटात कालवलं ते काय कुणीतरी मांडलेल्या देखाव्यामुळे?

मग दोन्ही चित्रं शेजारी ठेवून पुन्हा बघितली. गोळे त्या दरीत पडले होते हे दोन्हीकडे खरंच आहे. बदलली ती फक्त आपल्या नजरेची वाट. एका चित्रात नजर रस्त्यावरून सरळ पुढे जाते, दुसऱ्यात पावलोपावली ठेचकाळते. साक्षीपुरावा म्हणून दुसरं चित्र कच्चं ठरेल. पण भीती कशी असते हे मात्र तेच जास्त नेमकं सांगतं.

आणि गंमत म्हणजे, हल्ली मला साफ रस्त्याचीच जास्त भीती वाटते. रस्ता मोकळा आहे, म्हणजे अजून कुणीतरी त्यावरून जाणार आहे...